वर्गात व्हीआर आणि एआर: तासाची तयारी कशी करावी

आधी धडा ठरवा, उपकरण नंतर. सपाट चित्रावरून जे नीट कळतच नाही, त्याच्यासाठीच व्हीआर (हेडसेट घालून पूर्ण आभासी दृश्यात जाणं) किंवा एआर (टॅबलेट वा फोनच्या कॅमेऱ्यातून समोरच्या खऱ्या जागेवर आभासी वस्तू पाहणं) बाहेर काढावं: हृदयाचे कप्पे, मिथेनच्या रेणूतले 109.5 अंशांचे कोन, चंद्राच्या कला. समीकरणं आणि व्याकरण यांना फळाच बरा.

सुरुवात एआरने करा. त्यात मुलं एकमेकांना दिसत राहतात, बोलतात, आणि शिक्षकाची नजर सगळ्यांवर राहते. चौघांत एक टॅबलेट पुरतो. दाखवायच्या वस्तूचं त्रिमितीय मॉडेल जीएलबी या फाइल-प्रकारात घ्या. आयपॅड असतील तर त्यांवर चालणाऱ्या यूएसडीझेड या फाइल-प्रकारातली प्रतही ठेवा. फाइल 10 एमबीच्या आत असली की साधे फोनही सहसा अडखळत नाहीत.

एआरमध्ये नेहमीचा अडथळा म्हणजे मॉडेल टेबलावर बसत नाही, तरंगतं किंवा सरकत राहतं. कारण टेबलात असतं. कॅमेरा पृष्ठभागावरचे ठिपके, रेघा, कोपरे हेरतो आणि ते किती सरकले यावरून अंतर काढतो. गुळगुळीत पांढऱ्या किंवा काचेच्या टेबलावर हेरण्यासारखं काहीच नसतं. त्यावर छापील कागद पसरा, दिवे लावा आणि टॅबलेट डावीकडून उजवीकडे सावकाश, साधारण 30 सेंटीमीटर सरकवा. जागच्या जागी नुसता फिरवून भागत नाही, कारण कॅमेऱ्याची जागा बदलल्याशिवाय अंतराचा अंदाज येत नाही. छापील मार्कर (कॅमेऱ्याने ओळखून त्यावर मॉडेल दाखवायचं, असं चित्र) वापरत असाल तर त्याला लॅमिनेशन करू नका. चकाकीमुळे तो ओळखला जात नाही.

व्हीआरसाठी फोन आत बसवायचा पुठ्ठ्याचा चष्मा वापरायचा तर फोनमध्ये जायरोस्कोप (फोन कसा वळतोय हे ओळखणारा सेन्सर) आहे का ते आधी तपासा. नसेल तर मान वळवली तरी दृश्य वळत नाही. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये गूगल एक्स्पिडिशन्स हे आभासी सहलींचं ॲप सुचवलेलं असतं. ते 2021 मध्ये बंद झालं, तेव्हा 360 अंशांचे व्हिडिओ शोधून ठेवा.

फोनशिवाय चालणारे स्वतंत्र हेडसेट असतील तर मुलांना बसवूनच दाखवा, शक्यतो फिरत्या खुर्चीवर, आणि प्रत्येकाभोवती 1 मीटर जागा मोकळी सोडा. अंधार नको, कारण हेडसेटचे कॅमेरे खोली पाहूनच आपली जागा ओळखतात. पण खिडकीतलं ऊनही नको. भिंग ऊन एकवटून आतल्या पडद्यावर टाकतं आणि काही क्षणांत कायमचा डाग पडतो. हेडसेट ठेवताना भिंगं कधीच उन्हाकडे नसावीत.

'धूसर दिसतंय' असं मूल म्हणालं तर आधी हेडसेट वर-खाली हलवून बघा, मग दोन भिंगांमधलं अंतर त्याच्या डोळ्यांप्रमाणे लावा. मळमळ मात्र वेगळ्या कारणाने होते: डोळे सांगतात आपण चाललोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण बसलोय. म्हणून सरकत फिरवणारी ॲप टाळा. एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट उडी घेणारी निवडा. एका वेळी 5 मिनिटं पुरे. घाम किंवा डोकेदुखी जाणवली की लगेच काढायला सांगा. 'जरा थांब, सवय होईल' म्हणू नका.

वयाची अट निर्मात्याची वाचा. मेटा कंपनीच्या क्वेस्ट हेडसेटसाठी 2023 पासून ती 10 वर्षं आहे आणि 10 ते 12 वयाला पालकांच्या देखरेखीखालचं खातं लागतं. फिट येण्याचा त्रास कुणाला आहे का, हे पालकांना आधीच लेखी विचारा.

आता वेळेचा हिशेब. 40 मुलं, 5 हेडसेट म्हणजे 8 फेऱ्या. पाहायला 5 मिनिटं, पुसून अदलाबदल करायला 2. एकूण 56 मिनिटं. एका तासिकेत हे बसत नाही, म्हणून दोन धरा. वाट पाहणाऱ्यांना काम द्या: एक पाहून मोठ्याने वर्णन करतो, दुसरा ते ऐकून आकृती काढतो. चेहऱ्याला टेकणारा भाग बिनअल्कोहोल ओल्या वाइपने पुसा, भिंगं फक्त कोरड्या मायक्रोफायबरने.

सगळं आदल्या दिवशी डाउनलोड आणि चार्ज करून ठेवा. पाच हेडसेट एकाच वेळी अपडेट ओढू लागले की वाय-फाय मंदावतं आणि तासिका तिथेच संपते.

पाहून झाल्यावर हेडसेट बाजूला ठेवून आठवणीतून आकृती काढायला लावा. हृदय असेल तर ते समोरून पाहिलं की मागून, हे कोपऱ्यात लिहायला सांगा. समोरून पाहताना हृदयाची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येते, आणि मॉडेलभोवती फिरून आलेली मुलं नेमकी इथेच डावं-उजवं उलटं करतात.