खिडकीच्या काचेतून बाहेरचं रेकॉर्डिंग करताय?

घरातला कॅमेरा खिडकीत ठेवून बाहेरचं रेकॉर्डिंग दिवसा छान होतं. रात्री मात्र स्क्रीनवर नुसता पांढरा भपका दिसतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. अंधारात दिसावं म्हणून त्याच्यातच बसवलेल्या इन्फ्रारेड दिव्यांचा (डोळ्यांना न जाणवणारा) उजेड काचेवर आपटून परत लेन्समध्ये येतो. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन हे दिवे बंद करा. काही कॅमेऱ्यांत नाईट व्हिजन चालू ठेवून फक्त दिवे बंद करता येतात, तो पर्याय असेल तर तोच घ्या. मग बाहेर उजेड हवाच. अंगणात एखादा दिवा रात्रभर राहू द्या. लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि भोवतीची फट काळ्या फोमने बुजवा, म्हणजे खोलीतल्या ट्यूबचं प्रतिबिंब येणार नाही. कॅमेऱ्याचा स्टेटस दिवाही विझवा, तो हमखास विसरला जातो.

आणखी एक. शरीराची उष्णता ओळखणारा पीआयआर सेन्सर काचेपलीकडे जवळपास आंधळाच, कारण ती उष्णता साध्या काचेतून आरपार जात नाही. चित्रातला बदल टिपणारं मोशन डिटेक्शन वापरा. हलणाऱ्या फांद्या आणि रस्ता त्याच्या कक्षेतून वगळा, नाहीतर नोटिफिकेशनचा पाऊस पडेल. शेजाऱ्यांची खिडकीही चौकटीबाहेरच ठेवा.