आधी श्रमदान, मग पावतीपुस्तक: 26 जानेवारीला शाळेची लोकवर्गणी सुरू करताना

जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी वर्गणी काढायची असेल, तर पहिली पावती फाडण्याआधी गावाचे हात शाळेला लागू द्या. सकाळी स्वतः भिंत खरवडलेला पालक दुपारी आपणहून पैसे काढतो. 26 जानेवारी यासाठी सोयीची. झेंडावंदनाला माणसे शाळेत येतातच, ऊन कोरडे असते आणि ग्रामसभेतही विषय मांडता येतो.

तीन आठवडे आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा. गरज एकच लिहा, रक्कमही एकच. ‘शाळेच्या विकासासाठी’ म्हटले की लोक शंभराची नोट देऊन मोकळे होतात. ‘मुलींच्या स्वच्छतागृहाला टाकी, नळ आणि गवंड्याची मजुरी’ असे सांगून दोन दुकानांची दरपत्रके दाखवली की प्रश्नच उरत नाहीत. पैसे समितीच्या खात्यातच घ्या, कुणाच्या खासगी फोन-पेवर एक रुपयाही नको.

श्रमदानाला कुंपणाची भिंत घ्या, रस्त्यावरून दिसते. कळीचा चुना आदल्या दिवशी सकाळीच भिजवा: 1 किलोला साधारण 5 लिटर पाणी. भांडे लोखंडी पिंप असावे, कारण चुना उकळतो आणि प्लॅस्टिकची बादली वितळू शकते. पाण्यात चुना थोडा थोडा टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. उसळून अंगावर येते. दुसऱ्या दिवशी फडक्याने गाळून थोडा सरस (चुना भिंतीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ) मिसळा. जुने पोपडे पत्र्याने खरवडा, भिंत झाडा, पाणी शिंपडा आणि मग कुंचा फिरवा.

इथे एक चूक हमखास होते. ओला चुना पारदर्शक दिसतो. नवखा माणूस ‘रंग चढतच नाही’ म्हणून घट्ट चुना थापतो आणि महिन्याभरात पापुद्रे सुटतात. पातळच द्या, वाळू द्या, वाळल्यावर पांढरे दिसेल. असे तीन हात द्या.

चुना आणि शिडी मोठ्यांकडेच. चुना डोळ्यांत गेला तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा. मुलांना वाचनालयाची पुस्तके लावणे, आवार झाडणे अशी कामे द्या. झाडे लावायचा मोह टाळा. जानेवारीत लावलेले रोप उन्हाळ्याच्या सुट्टीत पाण्यावाचून जाते. ती पहिल्या चांगल्या पावसानंतर लावा.

साठ माणसांच्या नाश्त्याला 5 ते 6 किलो पोहे लागतील. चहाला चुलीवरचे मोठे पातेले बरे.

मोहिमेची घोषणा भिंत वाळत असताना, तिच्यासमोरच करा. भाषणे मिळून दहा मिनिटांत आटपा. उन्हात राबलेल्या माणसांना बसवून ठेवणे बरे नाही. पावतीपुस्तक क्रमांकाचे आणि कार्बन प्रतीचे हवे. कुणी सिमेंटची गोणी दिली तर तीही बाजारभावासह नोंदवा. देणगीवर आयकरात सवलत मिळेल, असे प्रमाणपत्र हातात नसताना सांगू नका.

फलकावर देणगीदारांची नावे रकमेच्या क्रमाने लावू नका. पन्नास रुपये देणारी मजूर बाई तळाशी आपले नाव पाहून पुढच्या कामाला येत नाही. पावती क्रमांकाने लावा आणि राबलेल्यांची नावे त्याच फलकावर वर लिहा. संध्याकाळी दोघांनी मिळून रोकड मोजावी, एकूण आकडा तिथेच लिहावा. 26 ला बँक बंद असते, म्हणून बँक उघडेल त्या दिवशी पूर्ण रक्कम भरा आणि भरणा पावतीची प्रत आकड्याशेजारी चिकटवा.