मेटल डिटेक्टिंग कसं सुरू करावं: परवानगीपासून खड्डा बुजवण्यापर्यंत

मेटल डिटेक्टर घेतल्यावर सुरुवातीच्या दिवसांत हाती लागतं ते असं: बाटल्यांची बुचं, शीतपेयाच्या डब्यांच्या कड्या, गंजके खिळे, तारेचे तुकडे, फॉइलचे चुरगळलेले गोळे आणि अधूनमधून एखादं चलनातलं नाणं. गुप्तधनाच्या आशेने आलेला माणूस इथेच कंटाळतो. पण ज्याला उघड्यावर चालायला आवडतं, कानात आलेल्या आवाजावरून खाली काय असेल याचा अंदाज बांधायला आवडतं, त्याला हा छंद वर्षानुवर्षं पुरतो.

यात यंत्राला नको तेवढं महत्त्व दिलं जातं, असं माझं स्पष्ट मत आहे. खरं कसब खणण्यात आणि त्याहून जास्त बुजवण्यात आहे. तुम्ही निघून गेल्यावर तिथे कुणी खणलं होतं हे कुणालाही कळता कामा नये. बाकी सगळं सरावाने येतं.

आधी परवानगी

यंत्र विकत घेण्याआधी कुठे फिरायचं ते ठरवा. प्रत्येक जमिनीला मालक असतो: व्यक्ती, संस्था किंवा सरकार. त्याला विचारा आणि शक्यतो होकार लेखी घ्या. काही निघालं तर ते कुणाचं, हेही त्याच वेळी बोलून घ्या. ही गोष्ट सुरुवातीला सांगायला सोपी असते; सोन्याची वस्तू हातात आल्यावर तीच अवघड होऊन बसते.

कायदे देशागणिक फार वेगळे आहेत. इंग्लंडमध्ये मालकाच्या संमतीने शेतात शोधता येतं. पण १९९६ च्या कायद्यानुसार ‘ट्रेझर’ (मौल्यवान जुना ठेवा) ठरणारी वस्तू मिळाली तर १४ दिवसांत कळवावं लागतं. फ्रान्समध्ये ऐतिहासिक वस्तू शोधण्यासाठी यंत्र वापरायचं तर सरकारी परवाना लागतो. अमेरिकेत संघराज्याच्या जमिनीवरून शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू परवान्याशिवाय काढणं १९७९ पासून गुन्हा आहे. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं त्यानुसार बंधनकारक आहे, आणि संरक्षित स्मारकांच्या परिसरात परवानगीशिवाय खोदकाम करता येत नाही. तुम्ही जिथे राहता तिथले नियम स्वतः वाचून घ्या. किल्ले, देवळांचे भग्नावशेष, जुन्या वस्त्यांची पांढरी, दफनभूमी या जागा तर कायद्यात पळवाट दिसली तरी सोडून द्याव्यात. तिथली माती पुरातत्त्वाच्या अभ्यासकांसाठी जशीच्या तशी राहायला हवी.

यंत्र निवडताना

कॉइल म्हणजे दांड्याच्या टोकाची ती थाळी. तिच्यातलं एक वेटोळं बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतं. त्याने खालच्या धातूत बारीक विद्युतप्रवाह गरगरू लागतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र दुसरं वेटोळं टिपतं. परत आलेला हा सिग्नल किती मागे पडला यावरून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं. त्याला टार्गेट आयडी म्हणतात. हा आकडा धातूचं नाव सांगत नाही. वस्तू किती सुवाहक आहे, केवढी आहे, कशी पडली आहे, या सगळ्याची ती गोळाबेरीज असते. हे एकदा डोक्यात बसलं की बरीच निराशा टळते.

नवशिक्याने व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या) प्रकारचं साधं यंत्र घ्यावं. बाग, मैदान, शेत, कोरडी वाळू यांना ते पुरतं. खाऱ्या ओल्या वाळूवर जास्त फिरणार असाल तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं यंत्र बरं पडतं. पल्स इंडक्शन यंत्र (चुंबकीय क्षेत्र थांबून थांबून झटक्यांनी सोडणारं) खनिजयुक्त जमिनीत आणि समुद्रकाठी चांगलं चालतं; पण लोखंड वेगळं ओळखण्यात ते कच्चं असतं, म्हणून ते पहिलं यंत्र नसावं. मोठी कॉइल खोल पाहते, छोटी कॉइल कचऱ्यात जवळजवळ पडलेल्या दोन वस्तू वेगळ्या दाखवते. नाण्याएवढी वस्तू साधारण १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत सापडते असं धरून चाला. पुष्कळ यंत्रांत फक्त कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा नाही, तेव्हा पाण्यात उतरण्याआधी माहितीपुस्तिका नीट पाहा.

यंत्राच्या बरोबरीने तीन गोष्टी घ्याच: हेडफोन, पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा शोधक) आणि धारदार, मजबूत खुरपं. पैसे मोजके असतील तर यंत्र एक पायरी खालचं घ्या, पण पिनपॉइंटर सोडू नका. त्याने खड्डा लहान राहतो.

अंगणात सराव

एक नाणं, एक अंगठी, एक खिळा, एक बूच आणि थोडं फॉइल घ्या. वेगवेगळ्या जागी ५, १० आणि १५ सेंटिमीटर खोल पुरा, वर खुणा करा आणि प्रत्येकावरून कॉइल फिरवा. आधी पडद्याकडे न बघता फक्त ऐका. मग खिळा नाण्याच्या शेजारी पुरून पाहा. लोखंडाच्या आवाजात नाण्याचा आवाज कसा बुडून जातो ते तेव्हा कळेल. अनेकांनी धुंडाळलेल्या मैदानातही वस्तू शिल्लक राहतात त्या याच कारणाने.

कॉइल कशी फिरवायची

जागेवर पोहोचल्यावर आधी ग्राउंड बॅलन्स करा. मातीत लोहखनिज असतं, आणि हे केलं नाही तर यंत्र मातीलाच धातू समजतं. खाली धातू नाही अशी जागा बघा. बटण दाबून कॉइल जमिनीलगत आणि वीतभर वर अशी खालीवर करा. आवाज स्थिर झाला की झालं. बहुतेक नव्या यंत्रांत हे आपोआप होतं, तरी जमीन बदलली की पुन्हा करावं.

सेन्सिटिव्हिटी (यंत्र किती बारीक सिग्नल टिपेल ते ठरवणारी पातळी) एकदम वर नेऊ नका. यंत्र उगाच टुकटुक करू लागलं तर ती थोडी खाली आणा. गप्प बसणारं यंत्र थोडं कमी खोल पाहत असलं तरी बडबड्या यंत्रापेक्षा जास्त वस्तू देतं. विजेच्या तारांपासून दूर राहा, मोबाइल मागच्या खिशात किंवा पिशवीत ठेवा, पोलादी टोकाचे बूट घालू नका. आसपासचा धातू किती त्रास देतो याचं प्रसिद्ध उदाहरण १८८१ मधलं आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः बनवलेलं यंत्र घेऊन गेले होते. गोळी काही सापडली नाही, आणि बिछान्यातल्या पोलादी स्प्रिंगांनी यंत्राचा गोंधळ उडवला, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं.

कॉइल जमिनीला समांतर, दोनतीन सेंटिमीटर वर धरा. टोकाला गेली की ती वर उचलली जाते, जवळजवळ सगळ्यांची. तिथे मनगटावर लक्ष ठेवा. डावीकडून उजवीकडे सावकाश न्या. पुढचा फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा यायला हवा, कारण कॉइलखालचा खोलवरचा पट्टा वरच्यापेक्षा अरुंद असतो. मोठं मैदान भरभर तुडवण्यापेक्षा एक कोपरा दोन दिशांनी पिंजून काढणं केव्हाही चांगलं.

आवाज ऐकायला शिका

चांगला सिग्नल प्रत्येक फेऱ्यात तसाच येतो, आणि दोन्ही बाजूंनी येतो. संशय आला की जागेभोवती काटकोनात वळून पुन्हा कॉइल फिरवा. एका बाजूने गोड आणि दुसऱ्या बाजूने तुटक, खरखरीत आवाज आला तर बहुधा वाकलेला खिळा किंवा लोखंडी बूच. आकडा दर फेऱ्याला उड्या मारत असेल तरीही तेच.

डिस्क्रिमिनेशन म्हणजे नको त्या धातूंचा आवाज बंद करणं. ही सोय नवशिक्याला फार मोहवते. लोखंडापुरती ती ठीक आहे. ॲल्युमिनियम मात्र बंद करू नका. डब्याची कडी आणि सोन्याची अंगठी यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे कड्या गाळल्या की अंगठ्याही गळतात. सोनं हवं असेल तर कड्या खणाव्या लागतात. यावर आजवर कुणाला पळवाट सापडलेली नाही.

खणणं आणि बुजवणं

सिग्नलवरून आधी आडवी, मग उभी कॉइल फिरवा. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे वस्तू. यंत्रावर पिनपॉइंट बटण असेल तर तेही वापरा. जागा नेमकी कळेपर्यंत खुरपं बाहेर काढू नका. खड्ड्याचा आकार या एका मिनिटावर ठरतो.

गवत असेल तर त्या बिंदूभोवती तीन बाजूंनी खुरपं उभं रोवत कापा, चौथी बाजू तशीच ठेवा. आठदहा सेंटिमीटर खोल गेल्यावर गवतासकट मातीचा हा गड्डा डब्याच्या झाकणासारखा उलटता येतो. चौथ्या बाजूची मुळं शाबूत राहिल्याने तो परत बसवल्यावर तग धरतो. गड्डा उथळ कापला तर मुळं तुटतात आणि चार दिवसांत तिथे पिवळा चट्टा दिसतो. कडक उन्हाळ्यात, माती कोरडी ठणठणीत असताना, हिरवळीवर खणूच नये, कितीही नीट कापलं तरी गवत जळतं. तेव्हा उघडी माती आणि वाळू पाहावी.

गड्डा उलटल्यावर आधी त्याच्याच बुडाशी पिनपॉइंटर लावा, मग खड्ड्यात. पुष्कळदा वस्तू गड्ड्यातच असते आणि लोक खाली खणत राहतात. सुटी माती गवतावर न टाकता शेजारी अंथरलेल्या फडक्यावर काढा. खुरपं वस्तूवर कधीच मारू नका. बाजूने माती सैल करा आणि शेवटचे दोन बोटं अंतर हातानेच उकरा. वस्तू निघाली की खड्ड्यावर कॉइल पुन्हा फिरवा, कारण नाण्याखाली नाणं असू शकतं. मग फडक्यावरची माती परत ओता, गड्डा बसवा, पायाने घट्ट दाबा, पाणी असेल तर थोडं शिंपडा. निघालेला कचरा कमरेच्या पिशवीत. बूच परत तिथेच टाकलं तर पुढच्या खेपेला तेच तुम्हाला थांबवेल, आणि उघड्यावरची काच आणि पत्रा कुणाच्या तरी पायात जाईल.

झाडाच्या मोठ्या मुळांजवळ खणू नका. सिग्नल सरळ रेषेत लांबवर जात असेल तर खाली पाइप किंवा विजेची केबल आहे असं समजून ती जागा सोडा. जुन्या युद्धभूमीवर किंवा लष्कराच्या सरावाच्या जागी जाऊच नका. कुठेही बॉम्ब, तोफगोळा किंवा काडतुसासारखं काही दिसलं तर हात लावू नका, वर माती ढकलू नका. आलात तसेच मागे फिरा, जागेची खूण लक्षात ठेवा आणि पोलिसांना कळवा.

वाळूवर

कोरडी वाळू नवशिक्याला सर्वांत सोपी. जाळीदार फावड्याने उचलायची, हलवायची, वस्तू वर राहते. ओली खारी वाळू स्वतःच वीज वाहून नेते, म्हणून साधं यंत्र तिथे खोटे आवाज काढतं. सेन्सिटिव्हिटी कमी करा, बीच मोड असेल तर लावा. ओहोटी लागल्यावर निघा आणि परतीची भरतीची वेळ आधी पाहून ठेवा. वादळानंतर लाटांनी वरची वाळू खरवडून नेलेली असते. जड वस्तू एकाच पट्ट्यात साचतात, तेव्हा एक नाणं मिळालं की त्याच रेषेत पुढे जा. खड्डे इथेही बुजवायचे. अंधारात कुणाचाही पाय मुरगळू शकतो.

काही जुनं निघालं तर

१९९२ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या हॉक्सन गावी एरिक लॉज एका शेतात हातोडी शोधत होते. ती त्यांच्या शेतकरी मित्राची हरवली होती. निघाली रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी आणि दागिने. लॉज यांनी थोडं काढलं आणि हात आवरला, बातमी दिली. पुरातत्त्वज्ञांनी उरलेला ठेवा स्वतः, थरांसकट उकलला. म्हणून सुमारे १५,००० नाण्यांबरोबर ती ज्या लाकडी पेटीत होती तिची ठेवणही समजली. नाणी नुसती उपसली असती तर पेटीचा माग कायमचा पुसला गेला असता. हातोडीही सापडली, आणि तीसुद्धा ब्रिटिश म्युझियममध्ये गेली.

तुमच्या बाबतीतही एकाच जागी तीनचार जुन्या वस्तू, हाडं, खापरं किंवा विटांचं बांधकाम दिसलं तर खणणं तिथेच थांबवा. फोटो काढा, जागेची जीपीएस नोंद घ्या, खोली लिहा आणि त्या भागातल्या पुरातत्त्व खात्याला कळवा. सुटी जुनी वस्तू घासू नका. मातीतले कण खरकागदासारखे नक्षी खरवडतात, आणि लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी तांब्यावरचा जुना थर निघून जातो. माती लागलेली असली तरी तशीच कागदात गुंडाळून, वर तारीख आणि जागा लिहून ठेवावी.

हरवलेली अंगठी शोधून देणं

हात बसल्यावर कधी ना कधी कुणीतरी हे काम घेऊन येतं, आणि या छंदातलं सर्वांत समाधानाचं काम मला हेच वाटतं. आधी त्या माणसाला बोलतं करा: शेवटची बोटात कधी होती, चेंडू फेकताना गेली की हात झटकताना, किती वेळ झाला. तशाच धातूची आणि साधारण तेवढ्याच मापाची दुसरी अंगठी मागून घ्या. ती जमिनीवर ठेवून आवाज आणि आकडा नीट ऐकून घ्या. मग दोऱ्या लावून जागेचे मीटरभर रुंदीचे पट्टे पाडा. एका पट्ट्यातून दुसऱ्यात उडी न मारता ओळीने जा. अंगठी गवतात नुकतीच पडली असेल तर ती वरच असते, त्यामुळे खुरप्याआधी बोटांनी गवत चाचपा. एवढं करून मिळाली नाही तर दोऱ्या काटकोनात फिरवून तीच जागा पुन्हा घ्या आणि पट्ट्यांची हद्द, माणूस सांगतो त्याच्या पलीकडे, चारी बाजूंनी काही पावलं वाढवा.