पुंगळी पुन्हा मापात आणण्यापूर्वी

झाडलेली पितळी पुंगळी पुन्हा भरण्याआधी दाबून मापात आणणारा साचा म्हणजे डाय. ती विकत घ्यायच्या आधी ठरवा, भरलेली काडतुसं कुठल्या रायफलीत जाणार. मी अमेरिकेत .308 विंचेस्टर हे रायफलीचं काडतूस भरतो, आकडे त्याचेच देतो. सगळ्या पुंगळ्या तुमच्याच एका बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये (दर बाराला हाताने बोल्ट ओढायची रायफल) झाडलेल्या असतील तर त्या वेगळ्या डब्यात ठेवा. रेंजवर वेचलेल्या असतील किंवा सेमी-ऑटोसाठी (पुढचं काडतूस स्वतःच चढवणारी रायफल) भरायच्या असतील तर फुल-लेंग्थ साइझिंगच करा, म्हणजे अंग, खांदा, मान अशी अख्खी पुंगळी मापात आणा. सेमी-ऑटोत काडतूस कुठेही न अडता आपसूक चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या घरात, बसलं पाहिजे.

पुंगळ्या पुसून प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढा. बुडाच्या जरा वर चकचकीत रेघ दिसली तर टोक वाकवलेली पेपरक्लिप आतून फिरवून बघा. टोक खाचेत अडकलं की ती पुंगळी भंगारात टाका, पितळाचा मोह नको.

मग कॅलिपरला हेडस्पेस कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारा मोजणीचा जोड) लावून पाच-सहा झाडलेल्या पुंगळ्या बुडापासून खांद्यापर्यंत, म्हणजे अंग मानेकडे निमुळतं होतं तिथपर्यंत, मोजा आणि वहीत लिहून ठेवा. या मापाशिवाय पद्धत निवडणं म्हणजे अंदाजाने कापड बेतणं.

नेक साइझिंगमध्ये फक्त मान, म्हणजे गोळी धरणारा तोंडाकडचा भाग, आवळली जाते. पितळ कमी शिणतं म्हणून सुरुवातीला मीही तेच करायचो. पण काही फेऱ्यांनंतर अंग आणि खांदा फुगून बोल्ट जड बंद होऊ लागला आणि शेवटी फुल-लेंग्थ डाय लागलीच. आता मी पहिल्यापासून तीच वापरतो, खांदा मात्र 0.002 इंचच मागे ढकलतो. सेमी-ऑटोला 0.003 ते 0.005 द्या. डाय एकदम शेलहोल्डरला (प्रेसवर पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) टेकवू नका. खांदा गरजेपेक्षा मागे गेला तर प्रत्येक बारात पुंगळी ताणते, बुडाजवळ पातळ होते आणि एक दिवस तिथेच तुटते. डाय थोडी वर ठेवून सुरुवात करा, किंचित फिरवत खाली आणा आणि दर वेळी मोजा.

वंगण विसरू नका. एकदा घाईत न लावलेली पुंगळी माझ्या डायमध्ये अशी रुतली की ती काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली. अंगाला पातळ हात पुरे, खांद्यावर साचलं तर खड्डे पडतात. साइझिंगनंतर लांबी बघा: 2.015 इंचांच्या वर गेली असेल तर 2.005 पर्यंत छाटा.

पुढच्या शंभर करण्याआधी फायरिंग पिन काढलेल्या बोल्टवर एक रिकामी पुंगळी घालून बघा. बोल्टचा दांडा जोर न लावता खाली आला पाहिजे.