आधी ट्रॉलीचा प्रवास, मग स्क्रीन
कांदा लिलावाचं ॲप करायला घेतलं असेल, तर डिझाइन उघडण्याआधी एक दिवस लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत घालवा. एकाच ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे शेवटपर्यंत फिरा: आवारात नोंद, बोली, भुईकाटा (भरल्या ट्रॉलीचं वजन), व्यापाऱ्याचं खळं (माल उतरवायची जागा), रिकाम्या ट्रॉलीचं वजन, हिशोबपट्टी.

खळ्यावर जरूर थांबा. ट्रॉली रिकामी होताना खालचा माल वरच्यापेक्षा हलक्या प्रतीचा निघाला की वांधा, म्हणजे मालावरून वाद, होतो आणि ठरलेला भाव पुन्हा बोलला जातो. तुमच्या डेटाबेसमध्ये ‘भाव’ हा एकच रकाना असेल, तर नवा आकडा जुन्यावर बसतो आणि शेतकऱ्याला बोली किती लागली होती याचा पुरावाच उरत नाही. म्हणून भाव कधी पुसू नका. प्रत्येक बदलाची वेगळी नोंद ठेवा, त्यात वेळ, कारण आणि कोणी बदलला हे असू द्या.

मग मोठ्या कागदावर प्रत्येक टप्प्यापुढे दोन प्रश्न लिहा: इथून पुढे कोण नेतो? इथेच अडलं तर काय? नेटवर्क गेलं, काटा बंद पडला, सौदा मोडला, सगळं त्यात घ्या. हा कागद हमाल-मापाऱ्यांनाही दाखवा, सुटलेले टप्पे तेच सांगतात. बटणांचे रंग नंतर ठरवता येतात.