लहान तळ्यावर संध्याकाळी टेंच गळाला कसा लावावा

इंग्लंडमध्ये सामन आणि ट्राउट सोडून गोड्या पाण्यातले बाकीचे मासे गळाने धरण्याला ‘कोर्स फिशिंग’ म्हणतात. रोच, रड, कार्प, टेंच हे त्यातले. मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि परत सोडायचा. नवख्याने सुरुवात लहान तळ्यावर, टेंचपासून करावी असं मला मनापासून वाटतं. तळं लहान म्हणून मासेही लहान, असं मात्र समजू नका. हेरफर्डशरमधलं रेडमायर पूल जेमतेम 3 एकरांचं, पण 1952 साली रिचर्ड वॉकर यांनी तिथेच 44 पौंडांचा, म्हणजे सुमारे 20 किलोचा कार्प धरला.

आधी कागदपत्रं. वय 13 किंवा जास्त असेल तर रॉड लायसन्स लागतं. तळ्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी वेगळी घ्यायची. 15 मार्च ते 15 जून नद्यांवर बंदी असते. बहुतेक तळ्यांना ती लागू नाही, तरी विचारून घ्या.

जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो, म्हणून सहापर्यंत पोहोचा. लगेच रॉड जोडू नका. काठाकाठाने हळू चालत एक फेरी मारा. कमळाच्या पानांच्या कडेला सोड्यासारखे बारीक बुडबुडे झुबक्याने वर येताना दिसले, तर खाली टेंच चिखल उकरतोय. तिथेच बसा, आणि पाय आपटू नका.

आता खोली मोजायची. माझ्या मते अर्धी संध्याकाळ इथेच ठरते, आणि नेमकं हेच काम लोक टाळतात. गळाला जड वजन अडकवून पाण्यात सोडा. फ्लोट, म्हणजे दोरीवरची तरंगती खूण, बुडाला तर दोरी कमी पडतेय, आडवा तरंगला तर जास्त झालीय. फ्लोटचं फक्त टोक पाण्याबाहेर राहील तोवर सरकवत राहा. मग वजन काढा आणि बोटभर दोरी वाढवा.

फ्लोट म्हणून मोराच्या पिसाच्या दांड्याचा तुकडा उत्तम. तो फक्त खालच्या टोकाला रबराने दोरीत अडकवा. गळ 12 नंबरचा, उलटा काटा नसलेला. गळापासून 5–7 सेंटिमीटरवर एकच वजनदार मणी दाबून बसवा. लहान शिशाच्या मण्यांवर 1987 पासून बंदी आहे, कारण ते गिळून हंस मरायचे. तेव्हा शिसं नसलेलेच मणी घ्या.

डब्यातल्या मक्याचे दोन मुठी दाणे बुडबुड्यांच्या जागी टाका, नंतर अधूनमधून पाच-सहाच. गळालाही मक्याचा एक दाणा. गळ टाकल्यावर रॉड टेकणीवर ठेवा आणि फ्लोट उभा राहीपर्यंत रीळ गुंडाळा.

टेंच दाणा तळावरून उचलतो तेव्हा मणीही उचलला जातो. मग फ्लोट बुडत नाही, उलट वर येतो! थरथरतो, इंच-दोन इंच उंच होतो आणि आडवा पडू लागतो. तो वर चढत असतानाच रॉड उचला, झटका न देता, मनगटाने. पूर्ण आडवा होण्याची वाट पाहिलीत, तर बऱ्याचदा दाणा थुंकून मासा गेलेला असतो.

मासा पानांकडे धावेल. रॉड बाजूला झुकवून त्याला तिथून वळवा, दमू द्या आणि मगच जाळी त्याच्या खाली सरकवा. हात ओले करा, मासा ओल्या गादीवर ठेवा. टेंचच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, कोरड्या हाताने तो निघतो. गळ काढताना एकदा डोळ्याकडे बघा: हिरव्या-सोनेरी अंगावर डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल ठिपका. मग दोन्ही हातांनी पाण्यात आडवा धरा. शेपटीने जोर लावला की सोडा.

अंधार पडताना फ्लोट दिसेनासा झाला की आवरा. तुटलेल्या दोरीचा प्रत्येक तुकडा शोधून खिशात घाला. त्यात पाणपक्ष्यांचे पाय अडकतात.