पोट्ट्याचा उन्हाळा कसा निभावला

पोराला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, अंगात सतत चुळबुळ; वय 9. विदर्भात शाळा जूनच्या शेवटीच उघडतात, म्हणजे 45 अंशांच्या उन्हात हा वादळवारा घरात. मागच्या वर्षी मी सकाळी 6 पासूनचा तक्ता भिंतीला चिकटवला. तिसऱ्या दिवशी त्याचं विमान झालं.

यंदा दिवसाला तीनच कामं, चित्रं काढून दाराला लावलेली. पहाटे आबाजीसोबत पडलेले आंबे वेचणे, ऊन चढायच्या आत कूलर भरणे, संध्याकाळी बैलांना पाणी. कूलरचं काम सगळ्यात जमलं. हापशीवरून छोट्या बादलीनं 12 खेपा, दर खेपेला भिंतीवर कोळशाची रेघ. अंगाला जोर लागतो तिथं तो टिकतो. कुरोड्यांचा सोऱ्याही त्यानंच फिरवला. निम्म्या तुटक्या निघाल्या, आजी कुरकुरली, खाल्ल्या मात्र सगळ्यांनी.

सांगायचं ते एका वेळी एकच. ‘हातपाय धू, जेव, झोप’ म्हटलं की पहिलंच हरवतं. दुपारी मोबाईलवर 15 मिनिटांचा गजर; वाजला की खेळ बदल. सुट्टी आहे म्हणून औषध मनानं बंद केलं नाही, डॉक्टरांना विचारलं.

लग्नातल्या डीजेवर अजून उपाय नाही. वाजला की त्याला घेऊन सरळ बांधावर जातो.